अंतराळातली शिक्षा

दिल्लीहून आल्यापासून जो तो विचारतो, लाल किल्ला बघितला का? नाही बघितला. कुतुबमिनारही नाही. मी दोन राज्यांच्या दोन पोलीस चौक्या बघितल्या, एक मराठी शाळा बघितली आणि दोन किलो मटार सोलले. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, तेवढंच लिहा. म्हणून लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा कुणी नटवलेली वर्णनं मागू नयेत. झालं ते सांगते.

सेक्टर

विट्याहून निघून नोएडाला पोचेपर्यंतचं सांगण्यासारखं काही नाही. बसले, झोपले, उतरले. दिलीपनं, म्हणजे माझ्या थोरल्यानं, तिथं नवा फ्लॅट घेतला, त्याची वास्तुशांत होती. आधी ही मंडळी पहाडगंजात भाड्यानं राहायची. दोन खोल्या, खाली भांड्यांचं ठोक दुकान. आता यमुनेच्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि पुढे-मागे गॅलरी.

आपल्याकडे वस्तीला नाव असतं. माळी गल्ली म्हटलं की तिथं कोण राहतं ते कळतं. तिथं वस्तीला आकडा. कुठं राहता विचारलं की माणूस सेक्टरचा आकडा सांगतो, आणि एका आकड्याशेजारी पुढचाच आकडा असेल असंही नाही. पुढच्या गॅलरीतून काचेची ऑफिसं दिसतात. मागच्या गॅलरीतून मोहरीचं पिवळं शेत आणि चार म्हशी. शेताचं निम्मं गेलेलं, तिथं खांब उभे राहतायत. ज्यांची जमीन गेली ते खाटेवर हुक्का ओढत खांब बघत बसतात. मी रोज सकाळी त्यांच्याकडे बघायची, ते माझ्याकडे बघायचे. दोघांनाही दुसरं काम नव्हतं.

लाइट दिवसातून चारदा जाते आणि गेली की सगळ्या इमारतींचे जनरेटर एकदम ओरडायला लागतात. दिलीप सात वाजता चार्टर्ड बसनं जातो, म्हणजे ऑफिसच्या लोकांनी महिन्यावर ठरवलेल्या बसनं, आणि रात्री आठला येतो. सून शुभदा दिल्लीतच वाढलेली. ती मराठीच बोलते, पण मध्येच ‘अच्छा, चलो, देखो’ येतं आणि तिला ते कळत नाही.

मला भाकरी लागते. दुसऱ्या दिवशी मी मार्केटात जाऊन ज्वारीचं पीठ मागितलं. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, “अम्मा, भैंसें कितनी हैं?” तिकडे ज्वारी म्हणजे वैरण. मी गहू खाऊन दिवस काढले.

रेवा

माझी नात रेवा आठवीत आहे. घर बदललं तरी तिची शाळा पहाडगंजातली मराठी शाळाच ठेवली आहे, रोज बापाच्या बसनं जाते. अंगानं काडी, जिभेनं तलवार. पण ती तलवार हिंदीत.

आल्या दिवशीच तिनं मला सांगितलं, “आजी, शनिवारी माझं भाषण आहे. मराठीत. तू चलशील ना?”

“येशील ना म्हण. येईन.”

“तेच तर. यार, तू पण बाईंसारखी करते.”

“मी तुझी यार नाही.”

ती हसली नाही. शुभदानं मला आत बोलावून कारण सांगितलं. गेल्या वर्षी याच स्पर्धेत रेवा उभी राहिली आणि म्हणाली, ‘मला शिकवण्यासाठी माझ्या आईवडिलांनी खूप चेष्टा केली.’ हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, धडपड. आपल्याकडे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. सभागृह हसलं. ही पोर माइकसमोर उभी, लोक का हसतायत ते तिला कळेना. घरी आल्यावर दिलीपनं सांगितलं तेव्हा कळलं. त्यानंतर घरातसुद्धा ती जपून जपून बोलायची. यंदा तिनं आपणहून नाव दिलं होतं, पण आईला बजावून ठेवलं होतं की पुन्हा लोक हसले तर ती मराठीत तोंड उघडणार नाही. आजीशीसुद्धा हिंदीत बोलेल.

मला हिंदी येत नाही. म्हणजे ही पोर माझ्यापुरती मुकीच होणार. तेव्हा हे भाषण नीट होणं तिच्याइतकंच माझंही काम होतं.

विषय काय, विचारलं तर म्हणाली, “अंतराळातली शाळा. चंद्रावर मुलं राहायला गेली तर कोणत्या देशाची पुस्तकं शिकतील, असं.” म्हणून दाखव म्हटलं तर नको म्हणाली. न्हाणीघरात कडी लावून पाठ करायची. मला वाटलं, शाळेचं डोकं, देत असतील असले विषय.

पहाडगंज

बुधवारी मी तिच्याबरोबर गेले. वास्तुशांतीला तांब्याचा कलश हवा होता आणि शुभदा म्हणाली तो पहाडगंजातच स्वस्त. रेवा शाळेत, मी बाजारात. एका गल्लीत गोरी पोरं पाठीवर बोचकी घेऊन हॉटेलं शोधत होती, शेजारच्या गल्लीत हातगाडीवर पितळी घंटा किलोवर विकत होते. मी कलश घेतला, मुळ्याचा पराठा खाल्ला आणि शाळेच्या पायरीवर बसून राहिले. आत पोरं पाढे म्हणत होती. आपल्यासारखेच, त्याच चालीत. दुपारच्या सुट्टीत मात्र सगळी हिंदीत भांडत होती.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी साध्या खाजगी बसनं निघालो. पुलावर धूळ इतकी की चष्म्यावर थर बसला. मी तो पुसला, डबीत घातला, डबी कापडी पिशवीत. नोएडात उतरलो तर पिशवी हलकी. खालून ब्लेडनं उभी चिरलेली. चष्मा गेला, दात घासायच्या मिश्रीची डबी गेली आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी गेली. कलश रेवाच्या दप्तरात होता म्हणून वाचला.

रेवा म्हणाली, “जाऊ दे आजी. चष्मा तर नवा घेऊन घेऊ.”

“चष्मा नवा घेऊ. पण चोरला तर चोरला असं कुणीतरी लिहून घेतलं पाहिजे.”

दोन चौक्या

नोएडाच्या चौकीत एक जाड मिशांचा हवालदार ऊन खात बसला होता. मी माझ्या हिंदीत सांगितलं, “मेरा चष्मा चोरी गया. पिशवी फाडी.”

“कहाँ पर?”

“पुल पर डाला. इधर उतरी तो नहीं.”

“पुल तो दिल्ली में है, माताजी. दिल्ली वालों के पास जाइए.”

सायकलरिक्षा केली, परत फिरलो. हद्दीवर कमान नाही, नदी नाही, भिंत नाही. रस्ता तोच, कडेचा शेंगवाला तोच. फक्त पोलिसांच्या गाडीवरचं नाव बदलतं. दिल्लीच्या चौकीत तिघं होते, मेजामागे एक तरुण पोलीस. त्यानं नीट ऐकलं आणि विचारलं, “पता कहाँ चला?”

“नोएडा में.”

“बस तो चोरी नोएडा की हुई.”

“म्हणजे मला कळलं तिथं चोरी झाली? मला कळलंच नसतं तर झालीच नसती?” हे मी मराठीत बोलले, रेवानं हिंदीत केलं. तो हसायला लागला. एकाची हद्द पुलावर संपली, दुसऱ्याची पुलावरून सुरू होईना, आणि चोर मधल्या मधे चटणी खात बसला असणार. माझं डोकं तापलं. मी मेजावर हात आपटला.

“वो कुछ नहीं! चोर को शिक्षा दो!”

चौकीतले तिघेही एकमेकांकडे बघायला लागले. मग तो तरुण म्हणाला, “अम्मा, शिक्षा तो हमारे बच्चों को ठीक से नहीं मिल रही, चोर को कहाँ से दें? कौन-सी क्लास में बिठाएँ?” आणि तिघे पोट धरून हसले.

मला काही कळेना. रेवाकडे बघितलं तर तिच्या तोंडाचा रंग उडालेला. मला वाटलं आजीची लाज वाटली. तिनं मला बाहेर ओढलं.

“आजी, तू आत्ता काय बोललीस? शिक्षा म्हणजे काय?”

“शिक्षा म्हणजे शिक्षा. चोरी केली की होते ती.”

“पनिशमेंट?”

“मग काय, पेढा?”

तिनं दप्तरातून स्पर्धेचं कार्ड काढलं. माझ्याकडे चष्मा नाही, तिनंच वाचलं. तीन विषय होते, त्यातला तिचा तिसरा: ‘अंतराळात शिक्षा कोणत्या देशाची?’

तेव्हा उलगडा झाला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. कार्ड मराठीत, वाचणारी दिल्लीची. वर अंतराळात कुणी गुन्हा केला तर दंड कुठल्या देशानं करायचा, हे विचारलं होतं. आणि आमच्या रेवाबाईंनी चंद्रावर शाळा काढली होती. आठ पानं. शुभदाच्याही ध्यानात आलं नाही, कारण ती तिकडचीच. दिलीपच्या आलं असतं, पण तो आठला येतो आणि जेवता जेवता झोपतो.

रेवा शेंगवाल्याच्या गाडीशेजारी उभी राहून रडली. “मी नाव वापस घेते. पुन्हा हसतील सगळे.”

“अजून कोण हसलंय? हसले ते मला. मी मेले का?”

“तुला फरक नाही पडत.”

“पडला ना. मला एक शब्द कळला. तुलाही कळला, आणि तोही तीन दिवस आधी. नाव काढायचं नाही.”

“पण आजी, उत्तर काय आहे? अंतराळात शिक्षा कोणाची?”

“मला काय ठाऊक? इथं पुलावरची कोणाची ते ठरेना. विचारू कुणालातरी.”

भाटियाजी

खालच्या मजल्यावर भाटियाजी म्हणून म्हातारे वकील राहतात. कोर्टात जाणं सोडलंय, पण टाय सोडला नाही. गुरुवारी मी रेवाला शाळेला पाठवलंच नाही. सकाळी दोघी त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या बायकोनं आधी गाजराचा हलवा समोर ठेवला. आपण पाहुण्याला चहा विचारतो, ते विचारत नाहीत. खाऊन झाल्याशिवाय त्या घरात बोलताच येत नाही.

वकिलांनी दोन जाड पुस्तकं काढली. ते हिंदी-इंग्रजीत सांगायचे, रेवा मला मराठीत सांगायची. मीच तशी अट घातली होती. मला कळलं नाही की मी हात वर करायची, आणि तिनं दुसरा शब्द शोधायचा. दोन तास चाललं. मला जे समजलं ते असं.

वर कुणाचीच हद्द नाही. कुठल्याही देशाला तिथं खांब रोवता येत नाही, चंद्रावरही नाही, सगळ्यांनी तसं लिहून दिलंय. पण वर जाणारं प्रत्येक यान कुठल्यातरी देशाच्या वहीत नोंदलेलं असतं. ज्याच्या वहीत यान, त्याचा कायदा यानात आणि त्यातल्या माणसांवर. आता बरेच देश मिळून वर एक मोठं स्थानक बांधतायत. तिथं एकाच्या खोलीला लागून दुसऱ्याची खोली. त्यासाठी त्यांनी वेगळा करार केलाय: ज्या देशाचा माणूस गुन्हा करील, त्याच्यावर खटला त्याच्याच देशानं चालवायचा. पण मार खाणारा दुसऱ्या देशाचा असला तर त्या देशानं आधी बोलणी करायची, आणि पहिला देश हलत नसेल तर मग खटला आपल्याकडे घ्यायचा.

“म्हणजे हलत नसेल तर हलवायचं, हे त्यांनीही लिहून ठेवलंय,” मी म्हणाले.

रेवानं ते हिंदीत सांगितलं. भाटियाजी हसले आणि म्हणाले, “बिल्कुल.”

मग मी चष्म्याचं विचारलं. त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं, आपल्या इथल्या कायद्याचं. प्रवासात गुन्हा झाला तर गाडी ज्या ज्या हद्दीतून गेली, त्यातल्या कुठल्याही ठिकाणी तो चालवता येतो. दोघांपैकी कुणालाही ‘आमचं नाही’ म्हणायची सोय नाही. त्यांनी कलमाचा आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. मी म्हणाले, हे पोलिसांना ठाऊक नसतं का? ते म्हणाले, “ठाऊक असतं, अम्मा. लिहायला हात दुखतो.” हे त्यांनी हिंदीतच म्हटलं, पण रेवानं असं नेमकं मराठी केलं की मी तिच्या पाठीवर थाप मारली.

मटार

शुक्रवारी दुपारी शाळेतून आल्यावर तिला घेऊन पुन्हा नोएडाच्या चौकीत गेले. वास्तुशांतीच्या जेवणाला मटार सोलायचेच होते. दोन किलो बरोबर घेतले, पातेलंही घेतलं. मिशावाल्या हवालदाराला म्हटलं, “लिहो.”

“माताजी, बताया ना, दिल्ली.”

मी बाकावर बसले आणि पहिली शेंग सोलली. रेवाला म्हटलं, “सांग त्यांना. भाषण समज. आधी मला मराठीत, मग त्यांना हिंदीत.”

ती आधी पुटपुटली. मग तिला लय सापडली. बस कुठल्या राज्याच्या वहीत नोंदलेली? नंबरपाटीवर यूपी होतं, तिनं उतरताना वाचलं होतं. वर आकाशात यान ज्याच्या वहीत, त्याचा कायदा. मग बस तुमच्या वहीत असताना तुम्ही मागे का? हवालदार म्हणाला, “बिटिया, यह बस है, रॉकेट नहीं.” ती म्हणाली, रॉकेटला जेवढा कायदा आहे तेवढा तरी बसला द्या. आणि तिनं भाटियाजींची चिठ्ठी पुढे केली.

त्यानं चिठ्ठी वाचली. साहेब बाहेर गेलेत म्हणाला. मी म्हटलं, “बैठती.” बसले. एक किलो झाला. साहेब आले, आत गेले. मी बसलेली. एक पोलीस पाणी देऊन गेला. दुसरा किलो सुरू केला. मिशावाला बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होता. मग खुर्ची ओढून आला आणि चार शेंगा उचलून सोलायला लागला. म्हणाला, घरी त्याची आई पण अशीच बसते. मी म्हटलं, मग तिचा चष्मा गेला तर तू काय करशील? तो उठला आणि वही घेऊन आला.

“नाम?”

“हौसाबाई.”

त्यानं लिहिलं ते रेवानं वाचलं: हौज़ा बाई. मी खोडायला लावलं. तिसऱ्यांदा बरोबर लिहिलं. चष्मा एक, काळी फ्रेम, डाव्या दांडीला दोरा. मिश्री म्हणजे काय ते समजवायला वेळ गेला, त्याला वाटलं खडीसाखर. तिकडे मिश्री म्हणजे तीच. चटणीही लिहिली. शिक्का मारलेली नक्कल माझ्या हातात देऊन तो म्हणाला, “चोर मिला तो शिक्षा ज़रूर देंगे, माताजी.” म्हणजे दिल्लीच्या चौकीतला विनोद नोएडापर्यंत आला होता. हद्द विनोदाला आडवी येत नाही.

“सज़ा,” मी म्हटलं. “सज़ा दो. शिक्षा इसको दो,” आणि रेवाकडे बोट केलं.

सभागृह

शनिवारी शाळेचं सभागृह भरलेलं. दिलीप रजा काढून आला होता. आम्ही मागून दुसऱ्या रांगेत. चष्म्याशिवाय मला व्यासपीठावर रंगीत ठिपके दिसत होते. त्यातला एक निळा ठिपका पुढे आला आणि बोलायला लागला.

“गेल्या वर्षी मी इथे म्हणाले की माझ्या आईवडिलांनी माझी खूप चेष्टा केली. ती त्यांनी केली नव्हती. तुम्ही केली.”

सभागृह हसलं. पण या वेळी ती थांबली, हसू संपेपर्यंत थांबली, मग पुढे गेली. पुढे वही, यान, स्थानक, करार, सगळं आलं. एके ठिकाणी ‘संबंधित’ म्हणायचं तिथं अडली, तर ‘ज्याचं काम त्यानं’ असं म्हणून निघाली. माझ्याशी दोन तास बोलल्याचा तेवढा उपयोग झाला.

भाषण संपल्यावर एका परीक्षकांनी प्रश्न विचारला. आवाजावरून वयस्क वाटले. “समजा, चंद्रावर एका देशाच्या माणसानं दुसऱ्या देशाच्या माणसाचा काही ऐवज चोरला. दोन्ही देश म्हणतात, आमचं काम नाही. मग तक्रार कुठे करायची?”

शुभदानं माझा हात धरला, मी सोडवून घेतला. हात धरून काय होणार होतं?

“जो पहिला भेटेल त्याच्याकडे,” रेवा म्हणाली. “आणि तो लिहून घेईपर्यंत तिथून उठायचं नाही. सोबत मटार न्यायचे.”

मटारांचं कोणाला कळलं नाही. तरी हसले. दिलीप सगळ्यांत मोठ्यानं.

तिला तिसरं बक्षीस मिळालं. पहिलं ‘माझे गाव’ बोलणाऱ्या मुलाला गेलं. तो गावाला कधी गेलेला नाही, हे त्याच्या आईनंच मला नंतर सांगितलं.

वास्तुशांत रविवारी झाली. भाटियाजी टाय लावून जेवायला बसले आणि मटारभात तिसऱ्यांदा वाढून घेतला. मंगळवारी मी गाडीत बसले.

चष्मा मिळालेला नाही, मिळणारही नाही. विट्यात नवा करून घेतला, त्यानंच हे लिहिते आहे. तक्रारीची नक्कल पेटीत ठेवली आहे, बघायची असेल त्यानं यावं. परवा रेवाचं पत्र आलं. तिचं पहिलं मराठी पत्र. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. लिहिते, ‘आजी, काल बस लेट झाली म्हणून मी शाळेत उशिरा पोचले, तर बाईंनी मला शिक्षा दिली. मराठीवाली.’

मी उलट टपाली कळवलं, ‘शिक्षा देत नाहीत, करतात. बाकी बरोबर.’